वाळूला कान लावणारे गाव

कावेरी आटलेली, ऊन चढते आणि तरीही वसंतातले कुंभकोणम् पाहावे ते याच दिवसांत. उघड्या डोळ्यांनी मन जागेवर ठेवण्याची या गावाला जुनी सवय आहे.

पहाटे पाचच्या सुमारास कुंभकोणमच्या जुन्या गल्ल्यांत पहिला आवाज येतो तो पाण्याचा. दार करकरते, बादलीतले पाणी ओंजळीने उंबऱ्यासमोरच्या दोन हात जागेवर शिंपडले जाते, मग खराटा फिरतो आणि सारे शांत होते. घरातली गृहिणी कमरेत वाकून, चिमटीतून तांदळाचे पीठ सोडत ओळीने ठिपके मांडू लागते. ती कुणाशी बोलत नाही, इकडेतिकडे पाहत नाही. ठिपक्यांच्या भोवतीने निघालेली रेघ वळत, गुंतत पुन्हा सुरुवातीच्या जागी येऊन मिळते, तेव्हा कुठे ती पाठ सरळ करते. पाच-सात मिनिटांचे काम. दुपारपर्यंत सायकली, स्कूटर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावले ते पुसून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात होते.

मराठी माणसाला सडा-रांगोळीचे नवल नाही. पण आपली रांगोळी दगडाच्या भुकटीची. इथले जुन्या पद्धतीचे कोलम तांदळाच्या पिठाचे. मुंग्यांनी, चिमण्यांनी ते टिपून खावे हा त्यातला हेतू. 'शिक्कु कोलम' म्हणजे गुंत्याचे कोलम. त्याचा नियम कडक असतो. रेघेने ठिपक्याला शिवायचे नाही, प्रत्येक ठिपक्याला वळसा घालायचा आणि शेवटी टोक टोकाला जुळायचे. मन क्षणभर चुलीवरच्या दुधाकडे किंवा मुलाच्या परीक्षेकडे गेले की वळण चुकते, आणि चूक साऱ्या गल्लीला दिसते. १९७० च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील प्रा. गिफ्ट सिरोमनी यांनी सहकाऱ्यांसह कोलमच्या या नियमांचा गणिताच्या आणि संगणकशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. गल्लीतल्या बायकांना तोच नियम आईच्या हाताकडे पाहून येत होता.

आता अनेक उंबऱ्यांवर कोलमचे छापील स्टिकर दिसतात. एकदा चिकटवले की वर्षभर काळजी नाही. सोय मोठी आहे आणि नोकरीवर धावणाऱ्या बाईला नावे ठेवण्याचे कुणाला कारण नाही. मात्र स्टिकरबरोबर ती पाच-सात मिनिटेही गेली, हेही खरे.

चालता-बोलता अवधान

शहरांतून हल्ली 'माइंडफुलनेस' या शब्दाचा फार बोलबाला आहे. अमेरिकेत १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. श्वासाकडे, शरीराकडे, समोर चाललेल्या गोष्टीकडे लक्ष ठेवायचे. मन भरकटले की त्याच्यावर न रागावता त्याला परत आणायचे, एवढाच त्यातला गाभा. मूळ कल्पना बौद्ध परंपरेतली. पालीत तिला 'सति' म्हणतात, म्हणजे आपली स्मृती. महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र आहे. आणि शब्दच हवा असेल तर मराठीत तोही सातशे वर्षांपासून आहे : अवधान. ज्ञानेश्वर श्रोत्यांपाशी पुन्हा पुन्हा मागतात ते हेच.

अडचण एकच. घरसंसार सांभाळणाऱ्याला दहा दिवस मौन धरून बसता येत नाही, आणि रोज अर्धा तास डोळे मिटून बसायचे म्हटले तरी दारावरची घंटा वाजते. म्हणून डोळे उघडे ठेवून, हातातले काम करता करता, घराबाहेरच्या मोकळ्या हवेत हे कसे साधते, ते पाहण्यासारखे आहे. कुंभकोणम् त्यासाठी सोयीचे गाव.

तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, उत्तरेला कावेरी आणि दक्षिणेला अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये हे गाव वसले आहे. प्रलयाच्या वेळी वाहत आलेला अमृताचा कुंभ इथे टेकला आणि शंकराने बाण मारून तो फोडला, अशी गावाच्या नावाची कथा. आदि कुंभेश्वर, सारंगपाणी, चक्रपाणी, रामस्वामी, नागेश्वर अशी मोठी देवळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मराठी वाचकाला आणखी एक धागा आहे. सतराव्या शतकात शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले तेव्हापासून १८५५ पर्यंत हा मुलूख भोसल्यांचा होता. त्या राजवटीत आलेली देशस्थ घराणी इथलीच झाली. बडोद्याचे दिवाण म्हणून आपल्याला ठाऊक असलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये जन्मले ते कुंभकोणमलाच. नावापुढे 'राव' लावणारी आणि घरात जुन्या वळणाचे, तमिळमिश्रित मराठी बोलणारी कुटुंबे तंजावरच्या परिसरात अजून भेटतात.

इथे येणारे बहुतेक प्रवासी मात्र घाईत असतात. कुंभकोणमच्या आसपास नवग्रहांची नऊ देवळे विखुरलेली आहेत आणि ती सारी एका दिवसात 'करून' देणाऱ्या गाड्या गावात मिळतात. पहाटे निघायचे, चंद्र-गुरू-राहू असे एकेक उरकत रात्री परतायचे. देवळापुढे गाडी थांबते, माणसे धावत रांगेत शिरतात, धावत बाहेर येतात, चप्पल अडकवतात, गाडी सुटते. नऊ देवांपैकी एकाचाही चेहरा नीट आठवत नाही, पण यादी पुरी होते. शनीची साडेसाती टळावी म्हणून जाणाऱ्याला दोष कशाला द्यायचा. फक्त ज्याच्यापाशी दोन दिवस आहेत त्याने त्यातला एक चालण्यासाठी ठेवावा.

आटलेली कावेरी

तमिळ पंचांगात सहा ऋतू आहेत. मासी आणि पंगुनी, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, 'पिन्पनी', सरते दव. चौदा एप्रिलच्या सुमारास चित्तिरै लागतो, तमिळ नवे वर्ष सुरू होते आणि त्याबरोबर 'इळवेनिल', कोवळा उन्हाळा. आपला वसंत या दोहोंत वाटला गेला आहे. पाडव्याला आपण कडुनिंबाची पाने खातो; इथे नववर्षाच्या पानात कैरी, गूळ आणि कडुनिंबाच्या फुलांची पच्चडी असते. ही फुले याच दिवसांत झडतात. झाडाखाली जुने कापड पसरून ती गोळा करायची, निवडायची, उन्हात वाळवायची. पुढे वर्षभर ती रसममध्ये पडतात. तांदळाच्या दाण्याहून लहान फुले निवडताना बाकी काही सुचत नाही, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको.

पण वसंतात आलेल्याला पहिला धक्का बसतो तो कावेरीचा. पुस्तकांतली दुथडी भरलेली कावेरी शोधत तो घाटावर येतो आणि समोर वाळू. १९३४ मध्ये पुरे झालेल्या मेट्टूर धरणातून त्रिभुज प्रदेशातल्या शेतीसाठी पाणी सोडण्याचा प्रघात १२ जूनचा आणि बंद करण्याचा २८ जानेवारीचा. पाऊस आणि कर्नाटकाशी चाललेला पाणीवाद यांमुळे तारखा मागेपुढे होतात, पण वसंतात पात्र रिकामे असते हे ठरलेले. मुले त्यात क्रिकेट खेळतात. कुठे डबके, कुठे झुडपे. कावेरीच्या वाळूचा उपसा हेही तमिळनाडूतले जुने दुखणे आहे. अनेक ठिकाणी पात्राची पातळी त्याने खाली गेली आहे.

या कोरड्या वाळूशी जोडलेली एक आख्यायिका आहे. ती ऐकल्यावर रिकामी नदी रिकामी वाटत नाही.

सतराव्या शतकात कांची मठाचे आचार्य बोधेंद्र सरस्वती यांनी नामस्मरणाचा मार्ग दक्षिणेत रुजवला. त्यांनी कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् येथे कावेरीकाठी समाधी घेतली. पुढे नदीने काठ बदलला आणि समाधीची जागा हरवली. शतक उलटले. कुंभकोणमजवळच्याच मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी ती शोधायला निघाले. दक्षिणेतल्या घरगुती भजनाला आजची बैठक घालून देणारे ते हेच. त्यांचा देह १८१७ मध्ये पडला. नदीच्या पात्रात ते पावलापावलाने फिरत, थांबत, वाळूवर आडवे होत आणि कान लावत. एका जागी वाळूखालून रामनाम ऐकू आले. तीच समाधी, असे त्यांनी सांगितले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. त्यांच्या मदतीने नदीचा प्रवाह थोडा वळवून जागा बांधून काढली, अशी परंपरा सांगते.

वाळूखालून खरोखर काही ऐकू येते का, हा वाद घालण्यात अर्थ नाही. गोष्टीत मोलाची आहे ती शोधण्याची रीत. नदी भरलेली असती तर हा शोध झालाच नसता. पाणी आटल्यावर, ऊन तापायच्या आत, सवडीने, एकेका जागी कान लावत केलेला तो शोध होता. आजही गोविंदपुरम् येथे समाधीस्थानी बसणारे लोक बोलत नाहीत. मनातल्या मनात जप चाललेला असतो किंवा नुसतेच बसणे.

गोविंदपुरम् येथे मराठी पाहुण्याला आणखी एक सुखद धक्का बसतो. द्रविडी गोपुरांच्या या मुलखात अचानक मराठी वळणाचे उंच शिखर दिसते. २०११ मध्ये प्रतिष्ठापना झालेले हे विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर. तंजावरच्या मराठी राजवटीत कीर्तनकार आणि रामदासी मंडळी दक्षिणेत आली, त्यांच्याबरोबर अभंग आले आणि ते इथल्या भजनात असे मिसळले की मराठी न येणारी माणसेही तुकोबांचे अभंग तोंडपाठ म्हणतात. उच्चार तमिळ, ताल झांजांचा, शब्द देहू-आळंदीचे. अर्थ न कळणारा माणूस शब्द किती काळजीने उच्चारतो, हे ऐकताना मराठी माणसाला आपल्याच घाईघाईच्या हरिपाठाची आठवण व्हावी.

वर्षातून तीन सकाळी

गावाच्या मध्यात नागेश्वराचे देऊळ आहे. नवव्या शतकातले, चोळ राजा पहिला आदित्य याच्या काळचे. भिंतींच्या कोनाड्यांतल्या जवळजवळ पुरुषभर उंचीच्या मूर्तींचे चेहरे इतके माणसाळलेले आहेत की ही खरीच कुणाची तरी चित्रे असावीत असे अभ्यासकांनाही वाटत आले आहे. तळाशी वीतभर आकाराचे रामायणाचे देखावे कोरले आहेत. ते पाहायचे तर उकिडवेच बसावे लागते.

चित्तिरै महिन्याच्या अकराव्या, बाराव्या आणि तेराव्या दिवशी, म्हणजे २४ ते २६ एप्रिलच्या सुमारास, सकाळचे ऊन दारातून सरळ आत येते आणि गाभाऱ्यातल्या शिवलिंगावर पडते. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव पाहिलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल. तिथे मावळतीचे किरण, इथे उगवतीचे. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या स्थपतींनी सूर्याकडे किती वर्षे टक लावून पाहिले असेल, तेव्हा हे जमले असेल! कोल्हापुरात किरणांच्या वाटेत इमारती आल्या आणि त्यावरून बरीच चर्चा झाली. उंच गावात सूर्याची वाट मोकळी ठेवायची तर तिच्याकडे साऱ्या गावाला लक्ष द्यावे लागते.

त्या तीन सकाळी देवळात गर्दी असते. पण बाकीच्या वसंतातही तिथे सकाळी बसून पाहावे. दगडी फरशीवर उन्हाची पट्टी सरकत असते. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ती जाईपर्यंत नुसते पाहत राहायचे. सुरुवातीला मन दहा ठिकाणी जाते. रिक्षावाल्याने जास्त पैसे घेतले, परतीचे तिकीट 'वेटिंग'वर आहे. पट्टी आपली सरकतच असते.

ओट्यावरचा मुलगा

सारंगपाणी देवळाचे गोपुर सुमारे दीडशे फूट उंच आहे. त्याच्या समोरच्या सन्निधी रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर आहे. रस्त्याकडेला ओटा, तमिळमध्ये 'तिण्णै'. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना असे तसाच. या ओट्यावर मांडीत पाटी घेऊन श्रीनिवास रामानुजन बसत असे. कागद परवडत नव्हता. पाटीवर गणित मांडायचे, उत्तर आले की कोपराने पुसायचे आणि पुढचे मांडायचे. समोरून भाजीवाले, बैलगाड्या, देवळात जाणारी माणसे, रथ. जगातल्या थोर गणितज्ञांपैकी एकाचे बरेचसे काम भर रस्त्यावर, उघड्यावर झाले. २००३ पासून शास्त्र विद्यापीठाने हे घर स्मारक म्हणून जपले आहे.

मन असे एका जागी लागण्याची किंमतही त्याने मोजली. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात १९०४ मध्ये तो शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाला आणि गणितापुढे बाकीच्या विषयांकडे ढुंकूनही न पाहिल्यामुळे इंग्रजीत नापास होऊन ती गमावून बसला. अवधानाचे फायदे सांगणारी पुस्तके ही गोष्ट सहसा सांगत नाहीत. एकाच गोष्टीकडे लागलेले मन आणि भोवतालच्या साऱ्याचे भान ठेवणारे मन, ही दोन वेगळी आहेत. रामानुजनच्या प्रतिभेला पहिले शोभले. आपल्यासारख्यांना दुसरे अधिक लागते.

ओटे आता कमी होत आहेत. कुठे दुकान काढले, कुठे मोटारसायकलसाठी जागा केली, कुठे लोखंडी जाळी बसवली. जिथे ते टिकले आहेत तिथे संध्याकाळी म्हातारी माणसे पान जुळवत बसलेली दिसतात. कुंभकोणमचे कोवळे विड्याचे पान प्रसिद्ध आहे. २०२५ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. देठ खुडायचा, मागची शीर नखाने काढायची, चुन्याचे बोट फिरवायचे. हे सारे होईतो समोरच्याशी एक शब्द नाही. त्यानंतर मात्र गप्पांना तोटा नसतो.

साठ पायऱ्या

गावापासून सात-आठ किलोमीटरवर स्वामीमलै आहे. मुरुगन म्हणजे कार्तिकेय स्वामींचे देऊळ. सपाट भातशेतीच्या प्रदेशात हा लहानसा चढ, आणि वर जायला साठ पायऱ्या. एकेक पायरी म्हणजे एकेक संवत्सर. प्रभव, विभव, शुक्ल अशी नावे आपल्या पंचांगातही आहेत आणि पाडव्याला गुरुजी जे संवत्सर वाचतात तेच या पायऱ्यांवर येते. चढून जायला दोन मिनिटे पुरतात. पण प्रत्येक पायरीवर एक श्वास थांबले, तर आपल्या वयाची पायरी कधी मागे पडली ते कळते आणि पुढे किती उरल्या तेही. साठी ओलांडलेल्यांनी काय करायचे? पुन्हा खाली येऊन पहिल्यापासून मोजायचे. संवत्सरांचा हिशेबही तसाच आहे.

स्वामीमलै हे ब्राँझच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचे गाव. मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाची बारीक माती लिंपतात, तापवून मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. मेणावरची नखाएवढी रेघही ही माती उचलते, म्हणूनच हे काम इथे बहरले. नदीने पुरात आणून टाकलेला गाळ कोरड्या दिवसांत उचलायचा. पाणी ओसरल्यावर काय मागे राहिले याकडे या लोकांचे पिढ्यान्‌पिढ्या लक्ष आहे.

शेतकऱ्याचेही आहे. कुंभकोणमहून स्वामीमलैच्या वाटेवर फेब्रुवारी-मार्चमध्ये भात कापलेली शेते कोरडी न दिसता हिरवी दिसतात. तो उडीद-मूग असतो. भात उभे असतानाच, कापणीच्या आठ-दहा दिवस आधी, ओलसर मातीत बी फेकून देतात. भात निघून जाते आणि रोपे वर येतात. त्यांना वेगळे पाणी नाही. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचे दव यांवर पीक निघते. बी चार दिवस उशिरा पडले तर ओल गेलेली असते. सकाळी सहाला या बांधांवरून अनवाणी चालले की पावलांना ते दव लागते. सातला ते गेलेले असते.

गर्दीतले भान

इतके सारे शांत वाटत असले तरी कुंभकोणम् हे गर्दीचेही गाव आहे. गुरू सिंह राशीत असताना मासी महिन्यात मघा नक्षत्रावर इथे महामहम भरतो, बारा वर्षांनी एकदा. नाशिकच्या सिंहस्थाचा गुरू तोच. सहा एकरांहून मोठ्या महामहम तलावाभोवती नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षितर यांनी बांधलेले सोळा मंडप आहेत आणि काठच्या काशीविश्वनाथाच्या देवळात नद्या देवीरूपाने उभ्या आहेत. त्यांत आपली गोदावरीही आहे.

१८ फेब्रुवारी १९९२ च्या महामहमला मुख्यमंत्री जयललिता स्नानासाठी आल्या होत्या. लोक त्यांना पाहायला उसळले आणि चेंगराचेंगरीत जवळपास पन्नास माणसे गेली. २००३ मध्ये नाशिकलाही तसेच झाले. तिथे ३९ भाविक मेले. स्वतःच्या पुण्याकडे सर्वांचे लक्ष होते, पायाखालच्या माणसाकडे नव्हते. २००४ आणि २०१६ च्या महामहममध्ये असे घडले नाही. स्नानाचे दिवस वाटून दिले, वाटा आखल्या, कोण कुठून येतो-जातो यावर नजर ठेवली गेली.

आणि १६ जुलै २००४. गावातल्या एका शाळेत मधल्या वेळचे जेवण शिजत असताना स्वयंपाकघराच्या झावळ्यांच्या छपराने पेट घेतला. आग वर्गांवरच्या छपरापर्यंत गेली. ९४ मुले गेली, बहुतेक दहा वर्षांच्या आतली. एक अरुंद जिना, गवती छप्पर, वर्गात कोंबलेली मुले. रोज शेकडो माणसे हे पाहत होती. त्यानंतर तमिळनाडूने शाळांवरची गवती छपरे उतरवायला लावली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या शाळांसाठी सुरक्षेचे निर्देश दिले. दरवर्षी १६ जुलैला पालक स्मारकापाशी जमतात. शांत मनाची गोडी सांगणाऱ्या लेखात ही आठवण नको वाटेल. पण मुलांच्या शाळेत गेल्यावर जिना किती रुंद आहे, दार कोणत्या बाजूला उघडते, हे पाहणेही अवधानच, आणि ते कुठल्याही घरातल्या आईवडिलांना जमण्यासारखे आहे.

महामहमचे दिवस सोडले तर तलाव सकाळी निवांत असतो. फिरायला आलेली माणसे काठाने चालतात, कुणी पायऱ्यांवर बसून राहते. मंडपांच्या छतांवरचे कोरीव काम मान वर करून पाहावे. एका मंडपात राजाच्या तुलादानाचा देखावा आहे. इथे एक फेरी बोलत मारावी आणि दुसरी न बोलता. दोन्ही फेऱ्यांत दिसलेल्या गोष्टी मोजून पाहाव्यात. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि तो जिंकतातही तीच.

फेरीनंतर कॉफी. कुंभकोणमची 'डिग्री कॉफी' आता महामार्गावरच्या पाट्यांवरही झळकते. दुधातला निर्भेळपणा मोजण्याच्या 'डिग्री'वरून हे नाव पडले, असे म्हणतात. पितळी डबरा-टंबलरमध्ये ती येते. पितळ इतके तापलेले असते की पेला कडेलाच, दोन बोटांनी धरावा लागतो. एका हातात मोबाइल घेऊन ही कॉफी पिता येत नाही, हा तिचा मोठाच गुण म्हणायचा.

कसे जावे, केव्हा जावे

तिरुचिरापल्ली इथून सुमारे ९० किलोमीटर, चेन्नई तीनशेच्या आसपास. तंजावर–मैलादुतुरै लोहमार्गावर कुंभकोणम् हे स्थानक आहे आणि चेन्नईहून रात्रीच्या गाडीने पहाटे पोचणे सोयीचे. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च हे चालण्याचे दिवस. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात नागेश्वराची उन्हे आणि त्याच महिन्यात सारंगपाणीचा मोठा रथोत्सव, पण तेव्हा दुपार भाजून काढते. देवळे दुपारी बाराच्या सुमारास मिटतात आणि चारच्या पुढे उघडतात; त्या वेळेत दगडी प्रांगणात अनवाणी पाऊल ठेवण्याचे धाडस करू नये. गावापासून चारेक किलोमीटरवर दारासुरम् येथे दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वराचे देऊळ आहे, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथे एका शिल्पात बैल आणि हत्ती यांना मिळून एकच डोके आहे. ते शोधायला वाटाड्या मागू नका. अर्धा तास लागला तरी चालेल. आणि गावात मुक्कामासाठी शक्यतो जुन्या गल्लीतले घर किंवा लॉज निवडा, खिडकी रस्त्याकडे उघडणारी. पहाटे पाचला पाण्याचा आवाज येतो.